मोहोर शाबूत आहे

१

मरायला नको होतं ते मेलं, आणि ज्याची कुणी खात्री देत नव्हतं ते जगलं. नुकसानीच्या माझ्या धंद्यात अशी उलटी नोंद क्वचित येते. म्हणून मोठ्या साहेबांचा फोन ठेवला आणि चहा तसाच टाकून निघाले.

माझा धंदा विम्याच्या दाव्यांच्या पाहणीचा. कुणाचं काय जळालं, भिजलं, फुटलं ते बघायचं आणि मालक सांगतो त्यातलं किती वजा करायचं ते ठरवायचं. माणसंही मी तशीच बघते. जमेला काय, खर्ची काय आणि पाठीमागे काय लपवलंय. सवय चांगली नाही, पण पोट तिच्यावरच चालतं.

साहेबांची संस्था किरणांच्या परीक्षा घेते. जाड भिंतींच्या एका कोठीत किरणोत्सारी धातूची कांडी आहे. तिच्यासमोर वस्तू ठेवायची, दार लावायचं, आणि कोण किती सोसतं ते बघायचं. वायरी, रबर, रंग, कॅमेरे, बियाणं, सगळ्यांना इथे बसावं लागतं. बहुतेक नापास होतात.

साहेबांच्या टेबलावर जेवणाच्या डब्याएवढी एक धातूची पेटी होती, उघडलेली.

"पोलिसांना बोलवायचं नाहीये," साहेब म्हणाले. "घरातलं प्रकरण आहे. अगदी घरातलं. बहीण-भाऊ आहेत."

मग त्यांनी सांगितलं ते असं. अवकाशात जाणाऱ्या एका यानात एकच कप्पा रिकामा होता आणि त्याच्यावर दोघांचा दावा होता. संस्थेत जिला सगळे जंतूताई म्हणतात तिला तिचे जंतू पाठवायचे होते. माणूस जेवढ्या किरणांनी संपतो त्याच्या हजारपट किरण पिऊन हे जंतू पुन्हा वाढतात, असं तिचं म्हणणं. तिच्या सख्ख्या धाकट्या भावाला आपली चिप पाठवायची होती. किरणांत टिकेल असं सर्किट त्याने बनवलं होतं. भांडण मिटावं म्हणून साहेबांनी शक्कल लढवली. एकाच पेटीत जंतूंची बशी आणि चिप ठेवायची, पेटीला लाखेची मोहोर लावायची, कोठीत दोघांना सारखेच किरण द्यायचे. जो टिकेल तो जाईल.

"आणि जंतू मेले," मी म्हटलं.

"सगळे. तीन दिवस वाट पाहिली, एक ठिपका उगवला नाही. चिप मात्र पेटी उघडल्या उघडल्या चालू झाली." साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. "ताईने लेखी तक्रार केलीय. भावाने पेटीत काहीतरी केलं म्हणते. खरं निघालं तर त्याला काढावं लागेल. खोटं निघालं तर तिने इतकी वर्षं जे सांगितलं तेच खोटं ठरतं, आणि तिची खोली बंद करायला वरचे टपलेलेच आहेत. शुक्रवारी मला निर्णय द्यायचाय. दोघांपैकी एक घरी जाणार, बाई. आणि घर दोघांचं एकच आहे."

"पेटीत काही करायचं तर ती उघडावी लागते."

"तीच तर गंमत आहे," साहेब म्हणाले. त्यांच्या तोंडावर गंमत मुळीच नव्हती. "सगळ्यांसमोर मी स्वतः उघडली. मोहोर शाबूत होती."

२

जंतूताईची खोली तळमजल्याच्या टोकाला. रंग उडालेला, खिडकीचं एक तावदान पुठ्ठ्याचं, पण काचेची प्रत्येक नळी आरशासारखी लख्ख. जिला पैसा मिळत नाही आणि तरी हट्ट सुटत नाही, तिची खोली अशीच असते.

"तुम्ही त्याच्या बाजूने आलात की माझ्या?" तिने दारातच विचारलं.

"मी नुकसानीच्या बाजूने येते. नेहमी."

ती थोडी हसली आणि दोन बशा पुढे ठेवल्या. "या जुळ्या. एकाच भांड्यातली जेली, एकाच दिवशी ओतलेली, जंतू एकाच वेळी पसरलेले. ही माझ्याकडे राहिली, ही पेटीत गेली. नंतर दोघींना एकाच ऊबपेटीत ठेवलं."

घरी राहिलेल्या बशीत जेली टम्म होती आणि तिच्यावर गुलाबी ठिपक्यांची दाटी होती. पेटीतून आलेली बशी कोरी होती. जेली कडेपासून सुटून आत ओढली गेली होती, आटलेल्या डबक्यातल्या चिखलासारखी.

"किरणांनी जेली सुकते का?" मी विचारलं.

"नाही. ऊबपेटीत थोडी सुकते. पण मग दोघीही सुकल्या असत्या." तिने त्याच्याकडे जास्त लक्ष दिलं नाही. तिच्या डोक्यात गुन्हेगार आधीच बसलेला होता, आणि गुन्हेगार बसला की पुराव्याला जागा उरत नाही. "बाई, किरणांनी या जंतूंची गुणसूत्रं तुटतात. तुकडे तुकडे होतात. आणि हे बसतात आणि तुकडा तुकड्याला जोडतात. मी हे इतक्या वेळा पाहिलंय. तेवढ्याच किरणांनी ते मरूच शकत नाहीत. त्याने काहीतरी आत सोडलं."

"कुठून?"

"त्याच्या चिपची वायर पेटीबाहेर येत होती. किरण चालू असताना चिप बोलतेय का ते बाहेरून बघायला. त्या भोकातून जंतुनाशकाचा एक थेंब पुरे."

"सख्खा भाऊ करेल असं?"

तिने कोरी बशी उचलून बाजूला ठेवली. "लहानपणी मी त्याचं पहिलं यंत्र पाण्यात बुडवलं होतं. मुद्दाम नाही. पण त्याला अजून मुद्दामच वाटतं. आई म्हणते तुम्ही दोघं एका ताटात जेवायच्या लायकीचे नाही. आता ताट तर सोडा, चार दिवस झाले, स्वयंपाकघरात एक आला की दुसरा बाहेर जातो. मधे आई दोघांचे निरोप पोचवते. काल तिने मला विचारलं, त्याला मीठ द्यायचं का ते आधी साहेबांना विचारू का म्हणून."

वायरीचं भोक मी साहेबांच्या टेबलावर पाहून आले होते. तेही लाखेने बुजवलेलं होतं आणि लाखेला तडा नव्हता.

पण निघताना तिने जे सांगितलं त्याने मी थबकले. "त्याला विचारा, त्या दिवशी संध्याकाळी तो कुणाशी न बोलता घरी का आला. जिंकणारा माणूस असा येत नाही."

३

धाकट्याची खोली वरच्या मजल्यावर, नवीन, आणि इतकी पसरलेली की बसायला खुर्ची शोधावी लागली. खुर्चीवरच्या वायरी त्याने उचलल्या आणि दुसऱ्या खुर्चीवर ठेवल्या.

"ताईने तुम्हाला थेंबाची गोष्ट सांगितली असेल."

"सांगितली."

"जंतुनाशकाची बाटली माझ्या हातात दिली तर मी ती चिपवरच सांडेन. कुणालाही विचारा."

विनोद बरा होता, पण तो हसता हसता बोटाने टेबलाची कड खरवडत होता. माणूस विनोद करतो आणि हात भलतंच बोलतो, तेव्हा मी हाताचं ऐकते.

"चिप किरणांत चालू राहिली?" मी विचारलं.

"पेटी उघडली तेव्हा चालू होती. सगळ्यांनी पाहिलं."

"मी ते नाही विचारलं."

त्याने खिडकीकडे पाहिलं. मग तिथली एक वायर गुंडाळायला घेतली. "बाई, मला काम आहे," तो म्हणाला.

मी खाली कोठीकडे गेले. कोठी चालवणाऱ्यांना सगळे कोठीकाका म्हणतात. जाड काचेपलीकडे कोठी, अलीकडे त्यांचं टेबल, त्याच्यावर बटणं आणि देवघरात असावी तशी टापटीप.

"त्या दिवशी चिप बोलत होती का, काका?"

"सकाळी बोलत होती. हा हिरवा दिवा लुकलुकला की समजायचं, आत बोलतेय." त्यांनी टेबलावरच्या छोट्या दिव्यावर बोट ठेवलं. "दुपारनंतर गप्प झाली. दिवा विझला तो विझलाच. धाकटा इथेच उभा होता. पांढराफटक पडला पोरगा. मी म्हटलं, वायर सैल झाली असेल. तो म्हणाला, असेल. पण वायर सैल नव्हती, मी चाचपून पाहिली होती."

"हे साहेबांना सांगितलंत?"

"दुसऱ्या दिवशी चिप सगळ्यांसमोर चालली की हो. मेलेला उठून बसल्यावर तो मेला होता म्हणून कशाला सांगायचं? लोक मलाच वेडा म्हणतील."

म्हणजे दोन्ही बाजूंचा हिशेब चुकत होता. टिकणारे जंतू मेले होते. आणि चिप टिकली नव्हती. ती मेली होती, आणि मोहोरबंद पेटीत, कुणाचा हात न लागता, जिवंत झाली होती.

४

कोठीतून पेटी निघाली ती थेट मोजणीच्या खोलीत गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिथेच राहिली. किती किरण लागले ते मोजणारा एक गृहस्थ तिथे बसतो. त्याला मापाडी म्हणतात. अंगातला कोट इस्त्रीचा, खिशातली पेनं उंचीप्रमाणे लावलेली. घरी बायको किती सुखी असेल किंवा किती नसेल, याचा अंदाज मी मनातल्या मनात केला.

"पेटी उघडली का कुणी?" मी विचारलं.

"नाही. साहेबांचा हुकूम होता, मोहोर तुटता कामा नये. माझ्या खोलीत होती, खोलीला कुलूप होतं, किल्ली माझ्याकडे होती."

"तुम्ही काही केलंत तिला?"

"मी हातही लावत नाही ज्याला लावायचा नाही त्याला." त्याला राग आला होता. मग त्याने घड्याळ पाहिलं. "एक मिनिट थांबा. पट्टी शेकून होऊ दे."

कोपऱ्यात एक लहान भट्टी होती. किरण लागले की रंग बदलणारी प्लास्टिकची एक पातळ पट्टी तो प्रत्येक नमुन्याबरोबर ठेवतो. जितके किरण तितका रंग गडद. भट्टीतून चिमट्याने एक पट्टी काढून त्याने यंत्राखाली धरली आणि आकडा लिहिला.

"शेकायची कशाला?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी विचारलं होतं की जेवणाआधी हात कशाला धुवायचे. "शेकल्याशिवाय रंग बसत नाही. न शेकता वाचली तर आकडा खोटा येतो. किरणांनंतर लवकर शेकायची, मग वाचायची. इथे कुणालाही विचारा."

"आणि जास्त शेकली तर?"

"या पट्ट्यांचं बिघडत नाही. कमी शेकलेलं चालत नाही."

मी आभार मानून बाहेर आले. जिन्यावर साहेब भेटले. मी सहज विचारलं, "पेटी उघडलीत त्या सकाळी आधी काय केलंत?"

"मोहोर पाहिली. तोडली. चिप चालू केली. ताईने बशी घेतली. मापाड्याने आतली पट्टी उचलली, तिथेच यंत्राखाली धरली आणि आकडा सांगितला. आकडा चोख होता. जेवढे किरण द्यायचे होते तेवढेच."

"तिथेच? तुमच्या टेबलावर?"

"हो. एका मिनिटात. का?"

"साहेब, तोडलेली लाख टाकून दिलीत का?"

५

साहेब काही टाकून देत नाहीत. लाखेचे तुकडे एका पाकिटात होते. मी ते टेबलावर जोडून ठेवले आणि सगळ्यांना बोलावलं. ताई दाराजवळच्या खुर्चीत बसली, धाकटा खिडकीशी उभा राहिला. मधे कोठीकाका आणि मापाडी. साहेब पाणी पीत होते.

"तुम्ही सगळ्यांनी मोहोर तुटली आहे का एवढंच पाहिलंत," मी म्हटलं. "ती तुटली नव्हती. पण तिचं तोंड कुणी पाहिलं नाही. साहेब, तुमचा ठसा कसा उठतो?"

साहेबांनी ताजी लाख घेऊन ठसा उठवून दाखवला. अक्षरांच्या कडा धारदार होत्या. पाकिटातल्या लाखेवर तीच अक्षरं बसकी, पसरट दिसत होती आणि एका बाजूला ओघळली होती. वायरीच्या भोकातली लाखही तशीच, मऊ होऊन खाली बसलेली.

"माझ्या धंद्यात आग लागली नाही असं शपथेवर सांगणारे मालक भेटतात," मी म्हटलं. "मी त्यांच्या कपाटातल्या मेणबत्त्या बघते. मेणबत्ती वाकली असेल तर खोली तापली होती, मालक काहीही म्हणो. ही पेटी कुणी उघडली नाही. ही पेटी तापली. बशीतली जेली म्हणून सुकली आणि जुळी बशी टम्म राहिली. ताईंच्या जंतूंना किरणांनी मारलं नाही. त्यांना भाजलं."

ताई उठून उभी राहिली. "कुणी?"

"बसा. अजून चिप उरली आहे. काका, दिव्याचं सांगा."

कोठीकाकांनी सांगितलं. धाकट्याने मान खाली घातली.

"खरंय," तो म्हणाला. "ती मेली होती. मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी चालू झाली तेव्हा मला आनंद झाला नाही, भीती वाटली. पण सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी गप्प बसलो. का उठली ते मला आत्ता कळतंय. किरणांनी चिपच्या पोटात नको तिथे वीज अडकून बसते. तिला चांगली ऊब मिळाली, बराच वेळ मिळाली, की ती सुटते. चिप बरी होते. पूर्ण नाही, पण चालण्याइतकी." मग त्याने बहिणीकडे पाहिलं. चार दिवसांत पहिल्यांदा, हे मी शपथेवर सांगते. "पण ताई, मी तापवली नाही."

"नाही," मी म्हटलं. "एकाच गोष्टीने एकाला मारलं आणि दुसऱ्याला उठवलं. आणि ते करणाऱ्याला दोन्हींचं काही घेणंदेणं नव्हतं. त्याला तिसरीच वस्तू सांभाळायची होती." मी मापाड्याकडे वळले. "न शेकलेली पट्टी तुम्ही कधी वाचता का?"

"कधीच नाही," तो ताठ बसून म्हणाला.

"मग त्या सकाळी पेटीतून काढून लगेच कशी वाचलीत?"

"शेकलेली होती म्हणून."

"ती पेटीत होती. पेटी मोहोरबंद होती."

"म्हणून तर," तो म्हणाला, आणि मला खरंच वाटतं, ते वाक्य संपेपर्यंत त्याला कळलं नव्हतं की तो काय सांगतोय. "मोहोर तोडायची नाही हा हुकूम. पट्टी लगेच शेकायची हा नियम. दोन्ही पाळायचे तर अख्खी पेटीच भट्टीत ठेवावी लागते. धातूची पेटी, आतपर्यंत ऊब पोचायला वेळ लागणार, म्हणून मी रात्रभर..." तो थांबला. इस्त्रीच्या कोटात माणूस हळूहळू लहान होत गेला. "त्या बशीत जिवंत काही होतं?"

"तुम्हाला माहीत नव्हतं?" ताईने विचारलं.

"पेटीवर नमुने असं लिहिलं होतं. आमच्याकडे नमुने म्हणजे रबर येतं, वायरी येतात." त्याने खिशातलं एक पेन सरळ केलं. "मला विचारलं, पेटी उघडली का. मी खरं सांगितलं. शेकली का, असं कुणी विचारलंच नाही. विचारण्यासारखं काय आहे त्यात? इथे तर सगळंच शेकतात."

माझ्या वहीत अशी माणसं फार नाहीत. खोटं बोलणाऱ्यांनी केलेली नुकसानी मी सहज पकडते. दोन नियम एकदम पाळणाऱ्याची पकडायला मला सबंध दिवस लागला.

साहेबांनी तक्रारीचा कागद उचलला. ताईने तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि फाडला. चार तुकडे केले, आणि टोपली जवळ असूनही आपल्या पिशवीत टाकले.

"तू त्या संध्याकाळी गप्प का होतास ते मला सांगायचं होतंस," ती भावाला म्हणाली.

"तू ऐकलं असतंस?"

"नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "त्या चिपला ऊब दिली की ती पुन्हा उठते, हे आधी कुणाला माहीत होतं?"

"ऐकून होतो. एवढी उठेल असं वाटलं नव्हतं."

"मग तिच्याशेजारी एक लहानशी शेगडी का नाही बसवत? मेली की शेकायची, उठली की बंद करायची. माझे जंतू दुसरं काय करतात? न तुटणारं कुणीच नसतं रे. सांधणारे असतात."

धाकटा खिडकीपासून पुढे आला. मग त्याने साहेबांच्या टेबलावरचं पेन न विचारता घेतलं आणि लाखेच्या रिकाम्या पाकिटावर काहीतरी काढायला लागला. ताई वाकून बघायला लागली. "शेगडी इथे नको," ती म्हणाली, "माझी बशी या बाजूला आहे."

"तुझी बशी कशाला असेल माझ्या पेटीत?"

"कप्पा एक आहे. पेटी एक आहे. मधे भिंत घाल."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पर्स उचलली. भांडण सुरू झालं की माझं काम संपतं, आणि हे भांडण चांगल्यांपैकी होतं.

६

परीक्षा पुन्हा झाली. या वेळी पेटीला मधे भिंत होती, चिपशेजारी अंगठ्याएवढी शेगडी होती, आणि पट्टी पेटीच्या बाहेर चिकटवलेली होती. ती सूचना मापाड्याची. पेटीवर त्याने स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, आत जीव आहे. चिप दुपारी गप्प झाली. शेगडी पेटवली, ती पुन्हा बोलू लागली, आणि हिरव्या दिव्याला कोठीकाकांनी नमस्कार केला.

जंतूंचं मात्र लगेच कळत नाही. मला बोलावलं नव्हतं, तरी तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. पाहणी अर्धवट सोडायची नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला राहवलं नाही.

खोलीत पुठ्ठ्याच्या जागी तावदान बसलेलं होतं. ऊबपेटीसमोर ताई उभी, बाजूला धाकटा. आई दोघांसाठी डबा घेऊन आली होती. एकच डबा होता. ती दारात स्टुलावर बसली होती आणि आत बघायचं नाही असं ठरवून आत बघत होती.

ताईने ऊबपेटी उघडली, बशी काढली आणि झाकण न उचलता तशीच धरून राहिली. शुक्रवार साहेबांनी पुढे ढकलला होता, रद्द केलेला नव्हता.

"तू बघ," ती म्हणाली आणि बशी भावाच्या हातात दिली.

"मी? ताई, माझ्या हातून पडेल."

"पडू देणार नाहीस. बघ."

त्याने दोन्ही हातांनी बशी धरली, खिडकीशी गेला, झाकण उचललं. पाठमोरा उभा राहिला. खूप वेळ. मी त्याच्या हातांकडे बघत होते. ते अगदी स्थिर होते.

"काय आहे?" ताईने विचारलं. "एखादा तरी आहे का?"

तो वळला नाही. पायाने मागचं स्टूल तिच्याकडे सरकवलं.

"बस," तो म्हणाला. "मोजायला वेळ लागणार आहे."